बेगम बाजारातला राजपुत्र

बेगम बाजाराचा इतिहास सांगायला बसलं की निजाम, बेगमा आणि व्यापारी ओघाने येतातच. निजाम अली खान यांच्या पत्नी हुमदा बेगम यांनी व्यापाऱ्यांना ही जागा दिली आणि त्यावरून बाजाराला नाव पडलं, हे आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मी आज ज्या राजपुत्राबद्दल लिहिणार आहे तो मात्र आसफजाही घराण्यातला नव्हे. तो इराणचा. पांढरी विजार, पांढरा सदरा, पाय अनवाणी. १९९५ साली तो आमच्या गल्लीत आला तो फ्लॉपीवर बसून.

आमचे अण्णा भांड्यांच्या एका घाऊक पेढीवर मुनीम होते. शेठजी मारवाडी, अण्णा मराठी, हमाल तेलुगू आणि बोलणं सगळ्यांचं हैदराबादी. १९९४ च्या दिवाळीत शेठजींनी ४८६ प्रोसेसरचा कॉम्प्युटर घेतला. त्या वर्षी चोपड्यांच्या पूजेत मॉनिटरलाही हळदकुंकू लागलं. पितळेची धूळ आत जाऊ नये म्हणून त्याच्यासाठी काचेची खोली केली, बाहेर चपला काढायच्या. त्याच्यावर हिशेबाचा एक प्रोग्रॅम होता. तो कुणा ओळखीच्या मुलाने लिहून दिलेला. सगळं काळ्या पडद्यावर हिरवी-पांढरी अक्षरं. माउस नव्हताच.

मी तेव्हा आठवीत होतो. शाळा सुटली की अण्णांचा डबा परत न्यायला दुकानात जायचो. दुपारी गर्दी ओसरली की हिशेब भरणारा ऑपरेटर खिशातून एक फ्लॉपी काढायचा. डॉसच्या ओळीवर तो 'प्रिन्स' लिहायचा आणि पुढे 'मेगाहिट'. हा दुसरा शब्द लिहिला की खेळात चोरवाटा उघडायच्या. तो शब्द कुणी शोधला, बेगम बाजारापर्यंत कसा पोचला, देव जाणे. इंटरनेट नव्हतं, मासिकं परवडत नव्हती, पण हैदराबादेतल्या प्रत्येक कॉम्प्युटरवाल्या पोराला 'मेगाहिट' माहीत होतं. राजपुत्राकडे ६० मिनिटं असायची. तेवढ्यात तळघरातून वर चढून राजकन्येला सोडवायचं. शेठजींनी एकदा पाहिलं आणि म्हणाले, "हिसाब का डब्बा है बेटे, खेल का नक्को." म्हणाले खरे, पण उभे राहून तलवारबाजी संपेपर्यंत बघतही राहिले.

ही आठवण लिहायचं कारण असं, की मागच्या गणपतीत माझ्या चिरंजीवांनी विचारलं, "बाबा, तुमचा तो गेम माझ्या लॅपटॉपवर का नाही चालत?" आणि त्याच आठवड्यात त्याचं दुसरं गाऱ्हाणं होतं, की त्याचा गेम घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर चालत नाही. जुना खेळ नव्या यंत्रावर चालेना, नवा खेळ जुन्यावर. मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमावाला. सरकारी नोकरीत असलो तरी कार्यालयातला कुठलाही कॉम्प्युटर रुसला की मलाच हाक येते. तेव्हा उत्तर द्यायला हवंच होतं.

उत्तर मला पेढीच्या माळ्यावर सापडलं. म्हणजे आठवणीतल्या माळ्यावर. तिथे तीन पिढ्यांच्या वह्या होत्या, लाल कापडात बांधलेल्या. काही महाजनी लिपीत, काही जुन्या मराठी मुनिमांनी मोडीत लिहिलेल्या. अण्णांना मोडी येत असे. उधारीचा एखादा जुना वाद निघाला की शेठजी अण्णांना माळ्यावर पाठवत. त्यांच्यानंतर जो मुनीम आला त्याला फक्त बाळबोध येत होती. वह्या त्याच, शाई तीच, आकडे तेच. वाचणारा गेला आणि वह्या मुक्या झाल्या.

प्रोसेसरचं नेमकं असंच आहे. प्रत्येक प्रोसेसरला एक लिपी येते. 'हे दोन आकडे मिळव', 'हे इथून उचलून तिथे ठेव' अशा त्याच्या मोजक्या आज्ञा ठरलेल्या असतात आणि त्या ठरावीक आकड्यांत लिहिलेल्या असतात. खेळ असो की हिशेब, शेवटी त्या आकड्यांतच उतरतो. दुसऱ्या घराण्याच्या प्रोसेसरला ते आकडे म्हणजे मोडीची वही. मग ऑपरेटिंग सिस्टिम कशाला? तर ती म्हणजे दप्तराची पद्धत. कारकून एकच असला, त्याला लिपी येत असली, तरी महसूल खात्याचा अर्ज नोंदणी खात्यात चालत नाही. नमुना वेगळा, खिडकी वेगळी, शिक्का वेगळा. प्रोग्रॅमला फाईल उघडायची, चित्र काढायचं, आवाज करायचा तर ऑपरेटिंग सिस्टिमकडे तिच्या नमुन्यात अर्ज करावा लागतो. विंडोजचा नमुना लिनक्सला चालत नाही. लिपी जुळली पाहिजे आणि नमुनाही. दोन्ही जुळलं तर खेळ चालतो.

सुरुवातीला तर लिपी एका कंपनीच्या दोन यंत्रांतही जुळत नसे. मोठं यंत्र घेतलं की सगळे प्रोग्रॅम नव्याने लिहायचे. ७ एप्रिल १९६४ ला आयबीएमने 'सिस्टिम ३६०' ही मालिका जाहीर केली, तेव्हा लहान-मोठ्या सगळ्या यंत्रांना एकच लिपी हा विचार प्रथम मोठ्या प्रमाणावर बाजारात आला. आपल्या शहरात १९६७ साली ईसीआयएल सुरू झाली. ईसीआयएल चौरस्त्यावरून आपण बसने जातो तेव्हा कुणाच्या मनातही येत नाही, की १९६९ मध्ये देशात घडवलेला टीडीसी-१२ हा संगणक या कंपनीचा. टीडीसी म्हणजे ट्रॉम्बे डिजिटल कॉम्प्युटर. माहेर मुंबईचं अणुसंशोधन केंद्र, सासर हैदराबाद. आपल्या कित्येक घरांतल्या आजी-पणजीसारखंच. नावातला १२ म्हणजे एका वेळी १२ बिटांचा शब्द हाताळणारं यंत्र. पुढे १६ बिटांचा टीडीसी-३१६ आला. बिटांची रुंदी बदलली की लिपी बदलते, आणि लिपी बदलली की मुनिमांना पुन्हा पाटीवर बसावं लागतं.

हे चित्र पालटलं ते १२ ऑगस्ट १९८१ ला. आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर घाईने बाजारात आणला आणि घाईपायी बाहेरचे सुटे भाग वापरले: प्रोसेसर इंटेलचा ८०८८, ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टची. सुटे भाग कुणालाही मिळत होते, त्यामुळे थोड्याच दिवसांत इतरांनीही तसंच यंत्र बनवलं. आपल्याकडे ज्याला 'असेंबल्ड' म्हणतात, पार्कलेनच्या चिनॉय ट्रेड सेंटरमध्ये पुढे ज्याचे ढीग लागले, त्याचं मूळ हे. आता कंपनी कुठलीही असो, लिपी एक झाली होती. इंटेलने ती सोडली नाही. १९८२ मध्ये २८६, १९८५ मध्ये ३८६, १९८९ मध्ये ४८६, १९९३ मध्ये पेंटियम. प्रत्येक नव्या मुनिमाला चार नव्या लिप्या यायच्या, पण मोडी यायलाच हवी, ही अट कायम. ३८६ मध्ये तर खास सोय होती. तो स्वतः ३२ बिटांत काम करी, पण आपल्या पोटात जुन्या ८०८६ चं हुबेहूब सोंग एकाच वेळी अनेकदा वठवू शके. विंडोजच्या खिडकीत डॉसचा खेळ चालायचा तो या सोंगाच्या जोरावर.

आमचा राजपुत्र मुळात या घराण्यातला नव्हता, हे मला फार नंतर कळलं. जॉर्डन मेकनर या अमेरिकन तरुणाने तो १९८९ मध्ये ॲपल-२ साठी लिहिला होता, आणि ॲपल-२ चा प्रोसेसर ६५०२, वेगळ्या लिपीचा. धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याची व्हिडिओवर चित्रं घेतली आणि त्यावरून राजपुत्राची एकेक हालचाल रेखली. संगीत मेकनरच्या वडिलांचं. खेळ आला तोवर ॲपल-२ म्हातारा झाला होता, म्हणून १९९० मध्ये दुसऱ्यांनी तो इंटेलच्या लिपीत नव्याने उतरवला. बेगम बाजारात आला तो हा उतरवलेला राजपुत्र.

त्या काळी लिपी जुळूनही एक घोटाळा व्हायचा, तो वेगाचा. कॅबिनेटवर 'टर्बो' नावाचं बटण असायचं, आठवतं? ते यंत्र वेगवान करण्यासाठी आहे असं आम्हाला वाटायचं. खरा उपयोग उलटा होता. जुने खेळ ४.७७ मेगाहर्ट्झच्या यंत्रावर घड्याळ न बघता लिहिलेले. शंभरपर्यंत मोजून झाले की पुढचं पाऊल, असा त्यांचा हिशेब. नव्या यंत्राने शंभर क्षणात मोजले की शत्रू पडद्यावर दिसायच्या आधीच आपण मेलेलो. म्हणून यंत्र मुद्दाम हळू करायचं बटण. राजपुत्र मात्र घड्याळ पाहून चालायचा. ४८६ वर काय आणि पुढे काय, त्याची चाल तीच.

याचा अनुभव १९९९ मध्ये आला. वायटूकेची हाकाटी चालू होती. शेठजींनी घाबरून नवा पेंटियम-२ घेतला, ३५० मेगाहर्ट्झचा. मी तेव्हा डिप्लोमाला होतो, जुन्या डिस्कवरचं सगळं नव्यावर मीच उतरवलं. हिशेबाचा प्रोग्रॅम सुरू केला तर पडद्यावर शून्याने भागाकार झाल्याची एक इंग्रजी ओळ आली आणि सगळं थांबलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. शेठजी माझ्याकडे बघताहेत, अण्णा शेठजींकडे. मी सहज 'प्रिन्स' लिहून पाहिलं. राजपुत्र तळघरात उडी मारून उभा!

"खेल चलता, हिसाब नै चलता?" शेठजी म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, निव्वळ आश्चर्य होतं.

कारण मला वर्षभराने कळलं. तो प्रोग्रॅम ज्या साधनात लिहिला होता, ते सुरुवातीलाच यंत्राचा वेग मोजायचं. ठरावीक काळात किती वेळा मोजून होतं ते पाहायचं आणि भागाकार करून आकडा ठेवून द्यायचं. यंत्र इतकं वेगवान झालं की भागाकाराचं उत्तर १६ बिटांच्या खणात मावेना. उत्तर मावत नाही आणि शून्याने भागलं, या दोन्ही चुकांना प्रोसेसर एकच घंटा वाजवतो. त्या काळी अशा साधनांत लिहिलेले अनेक प्रोग्रॅम जगभर असेच एका सकाळी बंद पडले. लिहिणाऱ्याचा दोष म्हणावा तर त्याने प्रोग्रॅम लिहिला तेव्हा एवढा वेग कुणाच्या स्वप्नातही नव्हता. आमच्याकडे तो लिहिणारा मुलगा परदेशी गेला होता. तीन महिने अण्णांनी पुन्हा रोजमेळ आणि खतावणी हाताने लिहिली. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. उलट अक्षर सुधारलं असं म्हणाले.

जुनं चालू ठेवायला कुणीतरी बसून कष्ट घ्यावे लागतात, ही गोष्ट मला तेव्हा प्रथम उमगली. विंडोज ९५ ची एक कथा प्रसिद्ध आहे. 'सिमसिटी' या खेळात एक चूक होती: वापरून परत केलेली स्मृतीतली जागा तो लगेच पुन्हा वाचायचा. जुन्या विंडोजमध्ये ते खपून जाई, नव्या विंडोजमध्ये खेळ कोसळला असता. चूक खेळाची. पण खेळ बंद पडला तर लोक नव्या विंडोजलाच शिव्या देणार. म्हणून मायक्रोसॉफ्टच्या माणसांनी खास तरतूद केली, की सिमसिटी चालू असेल तर परत केलेली जागा लगेच दुसऱ्याला द्यायची नाही. आमच्या खात्यात एखाद्या वयोवृद्ध निवृत्तिवेतनधारकाचा अर्ज चुकीच्या नमुन्यात आला तर एखादा भला कारकून स्वतःच योग्य नमुन्यात लिहून घेतो, तसं हे. नियमात बसत नाही, पण त्यामुळेच दप्तर चालतं.

२००१ मध्ये विंडोज एक्सपी आली आणि डॉस पोटातून निघून गेलं. राजपुत्र चालायचा, पण कधी मुका, कधी अडखळत. मग ६४ बिटांचा काळ आला आणि इथे इतिहासाने मजेदार वळण घेतलं. इंटेलला वाटलं, आता मोडीचं ओझं पुरे. त्यांनी २००१ मध्ये इटानियम हा नव्या लिपीचा प्रोसेसर आणला. जुने प्रोग्रॅम त्यावर चालायचे ते रडतखडत. एएमडी या धाकट्या कंपनीने २००३ मध्ये जुन्याच लिपीला ६४ बिटांची पुरवणी जोडली. बाजाराने धाकट्याला निवडलं आणि इंटेललाही तीच पुरवणी उचलावी लागली. व्यापारी माणसाला यात नवल वाटणार नाही. माळ्यावरच्या वह्या वाचता न येणारा हुशार मुनीम कोण ठेवील?

पण त्या पुरवणीत एक कलम होतं. ६४ बिटांच्या पद्धतीत काम करताना ३८६ चं ते जुनं सोंग, पोटातला ८०८६, घेता येत नाही. म्हणून ६४ बिटांच्या विंडोजवर डॉसचे खेळ थेट चालत नाहीत. लेकाच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे. प्रोसेसरला मोडी अजूनही येते, पण दप्तराने मोडीची खिडकी बंद केली.

मग लोकांनी काय केलं? काही हौशी मंडळींनी २००२ पासून 'डॉसबॉक्स' नावाचा प्रोग्रॅम बांधला. तो प्रोसेसरवर विसंबतच नाही. जुना प्रोसेसर, जुनं डॉस, जुनं साउंड कार्ड, सगळ्यांचं सोंग तो स्वतःच वठवतो. एकेक जुनी आज्ञा वाचायची आणि नव्या भाषेत समजावून सांगायची. मोडी जाणणारा दुभाषाच तो. दुभाषामुळे काम मंदावतं, पण आजची यंत्रं इतकी वेगवान, की मंदावूनही १९९० च्या यंत्राला भारी. मुलाच्या लॅपटॉपवर मी तो घातला, 'प्रिन्स मेगाहिट' लिहिलं आणि पहिल्याच पिंजऱ्याच्या खाली काट्यांवर पडलो. पोरगं हसलं. तीस वर्षांत हात बसला होता तो गेलाच.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जास्त त्रासाचं. आजच्या खेळांना लिपी जुळून भागत नाही. नवे खेळ प्रोसेसरच्या नव्या आज्ञा मागतात. जुन्या प्रोसेसरला त्या येत नसतील तर खेळ दारातच मरतो. ग्राफिक्स कार्ड वेगळंच. शिवाय आता फसवेगिरी रोखणारा पहारेकरी असतो. मुलाचा 'व्हॅलोरंट' विंडोज ११ वर टीपीएम नावाची सुरक्षा-चीप आणि सुरक्षित बूट या दोन्ही गोष्टी मागतो, आणि लिनक्सवर चालतच नाही. लिनक्सवाल्यांनी एरवी मोठा पल्ला गाठला आहे. विंडोजच्या नमुन्यातले अर्ज लिनक्सच्या नमुन्यात उतरवून देणारा 'वाइन' १९९३ पासून बनतो आहे. त्यावर व्हॉल्व्ह कंपनीने २०१८ मध्ये 'प्रोटॉन' उभा केला, आणि आज विंडोजसाठी लिहिलेले हजारो खेळ लिनक्सवर चालतात. अडतं ते पहारेकऱ्यापाशी. त्याला अनोळखी दप्तराचा भरवसा नाही. ॲपलने तर चाळीस वर्षांत प्रोसेसरची लिपी तीनदा बदलली, शेवटची २०२० मध्ये. दर वेळी दुभाषा दिला, काही वर्षांनी काढून घेतला. २०१९ मध्ये ३२ बिटांचे सगळे खेळ एका फटक्यात गेले. २०२५ च्या जूनमध्ये मात्र त्यांनी सांगितलं, की आत्ताचा दुभाषा पुढे काढला तरी ज्यांची निगा आता कुणी राखत नाही अशा जुन्या खेळांपुरता तो काही अंशी ठेवू. खेळांनी मिळवलेली ही सवलत हिशेबाच्या प्रोग्रॅमना नाही, हे शेठजींना सांगायला हवं होतं.

१४ ऑक्टोबर २०२५ ला, म्हणजे दिवाळीच्या आठवडाभर आधी, विंडोज १० चा आधार संपला. विंडोज ११ ला ठरावीक पिढीनंतरचाच प्रोसेसर लागतो. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. आपल्या सभासदांच्या घरी धडधाकट चालणारे कितीतरी कॉम्प्युटर त्या रेघेच्या अलीकडे राहिले. मला रोज एक तरी फोन येतो. भंगारात देऊ नका, एवढंच सांगतो. मुलांचे जुने खेळ, चिठ्ठ्या-पत्रं, हिशेब यांना लिनक्स पुरतो. आणि देणारच असाल तर आधी आत काय आहे ते बघा. हे मी अनुभवावरून सांगतो आहे.

प्रिन्स ऑफ पर्शियाच्या मूळ ॲपल-२ प्रोग्रॅमची लिखित संहिता हरवली होती. मेकनरने वर्षानुवर्षं शोधली. २०१२ मध्ये त्याच्या वडिलांना घरातल्या कपाटाच्या मागच्या बाजूला फ्लॉप्यांचं एक खोकं सापडलं. जाणकारांनी जपून त्या वाचल्या आणि संहिता सगळ्या जगासाठी खुली झाली. ही हकीकत मी वाचली तेव्हा अण्णा होते. त्यांना सांगितली. ते म्हणाले, "माझा लेख पण असाच आहे बघ कुठंतरी."

अण्णांनी आयुष्यात एकच लेख लिहिला. आपल्याच स्मरणिकेत, १९९६ साली, 'पेढीवरच्या वह्या' या नावाने. आमच्या घरचा अंक २००० च्या ऑगस्टमधल्या पुरात गेला; खालच्या खोलीत कमरेएवढं पाणी होतं. मंडळाच्या कपाटात त्या वर्षाचा अंक नाही. अण्णा २०१९ मध्ये गेले. मागच्या गणपतीनंतर, मुलाला राजपुत्र दाखवण्याच्या नादात, मी माळ्यावरची खोकी उपसली तेव्हा 'स्मरणिका ९६' असं लिहिलेली एक फ्लॉपी हाती आली.

फ्लॉपी वाचणारं यंत्र मिळवायला दोन महिने गेले. फाईल दिसली, डॉसबॉक्समध्ये उघडली, आणि पडद्यावर अक्षरांऐवजी रेघा. उभ्या, आडव्या, कोपऱ्यांच्या, मध्ये काळे ठोकळे, मध्येच एखादं ग्रीक अक्षर. पानभर चौकटी! ते वर्ष 'जिस्ट' कार्डाचं होतं. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये मोहन तांबे आणि सहकाऱ्यांनी वाढवलेलं हे कार्ड कॉम्प्युटरच्या खाचेत बसवलं, की डॉसच्या साध्या प्रोग्रॅममध्ये मराठी, तेलुगू, सगळं उमटायचं. सरकारी खात्यांत ते पुष्कळ होतं. ज्या खाचेत ते बसायचं ती खाचच पुढे मदरबोर्डवरून नाहीशी झाली. डॉसबॉक्सला साउंड कार्डाचं सोंग येतं, जिस्ट कार्डाचं येत नाही. जगातल्या हौशी लोकांनी खेळ वाचवले. आमचं कार्ड वाचवायला त्यांना काय पडलं होतं?

पण एक गोष्ट आपल्या बाजूची होती. जिस्टमध्ये अक्षराचा आकार साठवत नाहीत, अक्षर साठवतात, आणि ते 'इस्की' या भारतीय प्रमाणाप्रमाणे. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोने ते प्रसिद्ध केलं. त्यात 'क' म्हणजे १७९, 'ख' १८०, 'ग' १८१. आज आपल्या मोबाइलवर जे युनिकोड आहे त्यात 'क' २३२५, 'ख' २३२६, 'ग' २३२७. क्रम तोच, कारण युनिकोडवाल्यांनी भारतीय लिप्या बसवताना इस्कीचाच आराखडा धरला. डॉसच्या जुन्या तक्त्यात १७९ या आकड्याला उभी रेघ आहे. म्हणजे पडद्यावर ज्या रेघा दिसत होत्या ते अण्णांचे 'क' होते. नंतरच्या काळात वेगवेगळ्या कंपन्यांच्या फॉन्टांत जे टाइप झालं त्याचं असं नाही. तिथे प्रत्येक कंपनीचा तक्ता निराळा, फॉन्ट गेला की मजकुराचा चुरा. आपल्या मंडळाच्या त्यानंतरच्या कित्येक फाईल मी अजून उघडू शकलेलो नाही.

मुलाने पायथनमध्ये पंचवीसेक ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. तक्ता मी सांगितला, लिहिलं त्याने. व्हॅलोरंट बाजूला ठेवून एका रविवारी बसला. एंटर दाबलं आणि रेघांचं पान मराठी झालं. तुरळक जागी 'ऱ्या'चा रफार झाला होता, तो हाताने सुधारला. फ्लॉपीचा शेवटचा भाग मात्र खराब आहे, वाचताच येत नाही. जेवढं निघालं त्यातला एक भाग असा:

"नव्या वहीच्या पहिल्या पानावर श्री लिहिताना हात थोडा थरथरतो. एकतीस वर्षांत एकदाही तो सुटला नाही. माळ्यावर माझ्या आधीच्या मुनिमांची अक्षरे आहेत. एकाने संवत् लिहून समासात मुलगी झाल्याची नोंद केली आहे. दुसऱ्याने पोलीस ॲक्शनच्या आठवड्यात दुकान बंद असूनही रोज 'शिल्लक तीच' असे लिहिले आहे. या वह्या कोणी वाचणार नाही हे मला ठाऊक आहे, तरी मी त्यांतली एक"

इथे फाईल तुटते. 'एक' काय? एक वही घरी आणली? एक गोष्ट उतरवून ठेवली? आईलाही माहीत नाही. ती म्हणते, त्यांनी वाचून दाखवला होता, पण तेव्हा पोळ्या चालल्या होत्या.

आपल्यापैकी कुणाच्या घरी, ट्रंकेत, देवघराच्या मागे, १९९६ ची स्मरणिका असेल तर कृपा करून आरतीला येताना घेऊन या. अंक मी नेणार नाही. मंडपातच मोबाइलने पान टिपून लगेच परत देईन. मी रोज संध्याकाळी सात ते नऊ प्रसादाच्या टेबलापाशी असतो.